कोरडी जागा

मे महिना संपायच्या आत आमच्या चर्चच्या कबरस्थानात दोन खड्डे तयार असायचे. कोणी मेलेलं नसायचं, खड्डे मात्र तयार. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, वर बांबू, बांबूंवर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री, आणि पाणी आत शिरू नये म्हणून चारी बाजूंनी मातीची पाळ. निघालेली माती पोत्यांत भरून तीही झाकलेली. नवे पाळकसाहेब पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांना वाटलं, मंडळीनं पाण्याची टाकी बांधायला काढली. मास्तर त्यांना म्हणाले, टाकीच आहे, फक्त उलटी, हिच्यात पाणी येऊ द्यायचं नाही. पाळकसाहेब हसले. मास्तर हसले नाहीत.

आमच्या अमरावतीच्या मातीचं तुम्हाला सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात ती अशी फाटते की भेगेत अख्खा हात जातो, आणि टिकास मारली तर टिकासच परत येते. पाऊस लागला की तीच माती लोण्यासारखी होते, बाजू ढासळतात, तीन फुटांवर पाणी लागतं. म्हणजे पावसाळ्यात मरायचं असेल तर सोय उन्हाळ्यातच करायला हवी. हे सगळ्यांना कळत होतं. केलं फक्त मास्तरांनी.

शाळेत मराठी शिकवून ते रिटायर झाले होते. कबरस्थानाचं काम बिनपगारी, स्वतःहून गळ्यात घेतलेलं. खणायला दरवर्षी एक चाचा यायचे, मुसलमानांच्या कबरस्थानात हेच काम करणारे. मास्तर सायकलच्या दांडीला खणायची सब्बल बांधून सकाळी सहाला हजर. खड्डा झाला की टेपनं मोजायचे, मग चष्मा चाचांच्या हातात देऊन खाली उतरायचे आणि चक्क आडवे पडायचे. टेपला खांदे नसतात, म्हणायचे. आत पडून आकाशाकडे बघायचे आणि मग उजवीकडे अजून दोन बोटं काढा म्हणून ओरडायचे.

उघडा खड्डा माणूस बोलावतो, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणायच्या. मास्तरांना त्या वाटेत दिसल्या की पदर तोंडाशी नेऊन बाजूला व्हायच्या. मास्तर त्यांना सलाम करायचे आणि उंची बघितल्यासारखं डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. हा त्यांचा वाईट स्वभाव होता, मी तो झाकणार नाही.

एकदा पंचांपैकी कोणीतरी सुचवलं की दोन मोठे खणता तर एक लहानही खणून ठेवा, लेकरंही जातात. मास्तरांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "लहान खड्डा आधी खणून ठेवणं म्हणजे देवाले लेकराच्या घरचा पत्ता देणं हाय," ते म्हणाले. "मी नाही देत." आणि मीटिंगमधून उठून गेले.

मीटिंगचं त्यांचं जमायचंच नाही. चर्चच्या फाटकाशी एक फळा होता, रस्त्याकडे तोंड केलेला. दर रविवारी त्यावर वचन लिहायचं अशी पंचांची इच्छा, आणि अक्षर फक्त मास्तरांचं चांगलं. म्हणून खडू त्यांच्या हातात गेला आणि परत आला नाही. मास्तर वचन लिहायचे नाहीत. रोजच्या वापरातला एक शब्द लिहायचे आणि खाली त्याचा अर्थ. ते म्हणायचे, मोठमोठे शब्द पाळक सांभाळतात, लहान शब्द बिचारे उघड्यावर पडले आहेत.

मला आठवतात ते सांगते. "मीठ: आपण जगाचे आहोत. डॉक्टर म्हणतात, कमी करा." हे त्यांना ब्लडप्रेशर निघालं त्या आठवड्यातलं. "रांग: शेवटचे पहिले होतील, हे सर्वांना पाठ आहे. प्रेमभोजनाच्या वेळी मात्र कोणी धोका पत्करत नाही." आणि ज्यावरून त्यांना नोटीस निघाली ते, "समिती: दोघे-तिघे जमले तरी प्रभू येऊन बसतो, पण कोरम भरत नाही म्हणून त्याला परत पाठवतात ती." फाटकासमोर ऑटो उभे राहायचे. ऑटोवाले, त्यांच्यात चर्चचं कोणी नव्हतं, सोमवारी सकाळी नवा शब्द वाचल्याशिवाय पहिलं भाडं घ्यायचे नाहीत. पंचांनी फळा पुसायचा ठराव केला, पण पुसायला जायला कोणी तयार होईना, कारण पुसणाऱ्याचा शब्द पुढच्या रविवारी आला असता.

रविवारच्या शब्बाथशाळेत आम्हा लेकरांवर हाच प्रयोग. एक शब्द द्यायचे आणि अर्थ विचारायचे. पुस्तकातला चालायचा नाही. "घरातला सांग," म्हणायचे. क्षमा कोणी सांगितली की हे म्हणायचे, पुस्तक ठेव, कालच्या भांडणातली सांग. पटलं की एकच शब्द, "बस." नाही पटलं तर तास संपेपर्यंत उभं. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसतं उभं ठेवायचे आणि विसरायचे नाहीत. पुढच्या रविवारी आपण बसायला लागलो की भुवई वर करायचे, की आपण पुन्हा उभे.

माझ्या वाट्याला "उपकार" आला होता. मी आठ वर्षांची. देवानं आपल्यावर केलेले, असं मी घडाघडा म्हटलं. "घरातला सांग." मी सांगितलं, आईनं वेणी घातली. ते म्हणाले, ते तर तिचं रोजचं काम, त्यात तुला काय जड झालं? मला कळेना जड काय व्हायचं. तीन रविवार मी उभी होते, पायाला मुंग्या यायच्या आणि मास्तरांचा मला भयंकर राग यायचा. चौथ्या रविवारी वर्ग झालाच नाही, कारण मास्तरांची बायको शनिवारी गेली.

ऑगस्ट होता. तेव्हा तयार खड्ड्यांची पद्धत नव्हती. पावसात खणलं, घाईत, वाकडंतिकडं, आणि पेटी दोरांवरून खाली सोडली तोवर खाली मांडीएवढं पाणी भरलेलं. दोर काढले आणि पेटी वर आली. चांगली तरंगली. एका टोकाकडून कलून फिरायला लागली. लोक गाणं म्हणत होते ते मधेच थांबलं. कोणी बांबूनं दाबली, तर तिकडून वर. तेव्हा मास्तरांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, खाली उतरले आणि बायकोच्या पेटीवर उभे राहिले. पेटी त्यांच्या वजनानं हळूहळू खाली गेली. ते उभे, आणि वरून लोक त्यांच्या पायांभोवती दगड टाकताहेत, मग माती. किती वेळ ते मला माहीत नाही.

मी हसले. खोटं कशाला सांगू? आमचे मास्तर, जे आम्हाला उभं ठेवायचे, ते स्वतः खड्ड्यात उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला ते फार गमतीचं वाटलं आणि मी मोठ्यानं हसले. आईनं तिथंच थोबाडीत मारली. मास्तरांनी वर बघितलं, मला बघितलं, आणि पुन्हा खाली बघितलं.

पुढच्या रविवारी फळ्यावर शब्द होता. "हसू: रडण्याला आत जागा उरली नाही, की दाराशी येऊन उभं राहतं ते." माझं नाव नव्हतं, पण मला कळलं. उपकार त्यांनी मला पुन्हा विचारला नाही, आणि "बस" असंही म्हणाले नाहीत. ते राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्यापासून दोन खड्डे सुरू झाले.

मी मोठी झाले, लग्न होऊन अकोल्याला गेले. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात अमरावतीला आले. तेव्हा मास्तरांना बघून मी दचकलेच. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवली होती. पोटात गाठ होती, नागपूरला दाखवलं होतं, डॉक्टरांनी काहीही न करता परत पाठवलं होतं. हे सगळं त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. त्या वर्षीच्या दोन खड्ड्यांपैकी फाटकाकडचा जो पहिला मरेल त्याचा, आणि कडुलिंबाखालचा त्यांचा स्वतःचा. बायकोच्या शेजारचा. तसं त्यांनी पंचांना लेखी दिलं होतं. नोकरीत कधी रिझर्वेशनचं तिकीट काढलं नाही, म्हणाले, हे पहिलंच.

भीती त्यांना मरणाची नव्हती, पाण्याची होती. बाकी सगळ्या गोष्टींची थट्टा करायचे, हिची केली नाही. बायकोला पाण्यात ठेवून आलो, असं ते माझ्या आईजवळ एकदा बोलले होते, वीस वर्षांनंतर. कोणी सुचवलं की सिमेंटची पक्की कबर बांधून घ्या. ते म्हणाले, जन्मभर भाड्याच्या घरात राहिलो, मेल्यावर घरकुल कशाला?

जूनमध्ये एक म्हातारे वारले आणि फाटकाकडचा खड्डा भरला. जुलैत माझी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी. अकरा दिवस जगली.

त्या अकरा दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. बाराव्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता आणि ती कापडात गुंडाळलेली आईच्या खाटेवर होती. चाचा आठ वाजताच कबरस्थानात जाऊन आले, दाराशी उभं राहून नवऱ्याला हळू आवाजात सांगत होते. तीन जागी खणून बघितलं, लहानच तर खणायचं होतं, पण दोन हातांवर पाणी. बादलीनं काढलं की पुन्हा भरतं. उद्यापर्यंत थांबता येईल का? मी आतून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी फिरत होती, एका टोकाकडून कललेली.

मी उठले. आई म्हणाली, बाराच दिवसांची बाळंतीण तू, पावसात कुठं निघालीस? मी डोक्याला फडकं बांधलं आणि दोन गल्ल्या चालत मास्तरांच्या घरी गेले. ते खाटेवर बसून लिंबू सरबत पीत होते, तेवढंच पोटात टिकायचं. मी उंबऱ्यावरूनच बोलले.

"मास्तर, तुमचा खड्डा मले द्या."

एवढंच. विनवणी केली नाही, हात जोडले नाहीत. मरणाऱ्या माणसाकडून त्याची कोरडी जागा मागताना कसं बोलायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. आणि मला हेही कबूल करायचं आहे की त्या क्षणी त्यांचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो बाजूला सारला. त्यांचं जगून झालं होतं.

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, बाहेर पावसाकडे बघितलं. तेव्हा मला वाटलं, नाही म्हणतात. मग त्यांनी विचारलं, "लांबी किती हाय?" मी दोन्ही हात पुढे करून दाखवली. अंतर कमीजास्त होत होतं. त्यांनी उठून माझे हात धरले, स्थिर केले, आणि वितेनं मोजलं.

पेटी त्यांनीच केली. सुतार पावसात यायला तयार नव्हता. घरात वरूडहून आलेल्या संत्र्यांची जुनी लाकडी पेटी होती, तिच्या फळ्या काढल्या, रंधा मारला. व्यापाऱ्याचा निळा शिक्का एका फळीवर थोडा राहिलाच. त्यावर आईनं पांढरं कापड लावलं.

ताडपत्री काढली, पत्रे काढले. आत कोरडं होतं, मेमधलं कोरडं, मातीला उन्हाळ्याचा वास. चौघांनी छत्र्या धरल्या. एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती एवढीशी पेटी एका कोपऱ्यात गेली आणि माझा धीर सुटला. मी ओरडले की एवढ्या मोठ्यात ती कुठं जाईल, सापडणार नाही ती. लोक मला धरायला लागले. मास्तर काठावर ओणवे होऊन दोर सोडत होते. त्यांनी मान वळवली.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "वाढायले जागा लागते."

मग पोत्यांतली कोरडी माती त्यांनी स्वतःच्या हातानं, मूठ मूठ करून, आधी तिच्या बाजूंनी घातली. फावड्यानं टाकू दिली नाही.

आता लोकांचं ऐका. मंडळीतल्या बाया भेटायला यायच्या आणि रडून झाल्यावर म्हणायच्या, मास्तरांचे उपकार हो, केवढे उपकार. तो शब्द आला की मी उठून आत जायचे. दहा दिवसांनी मास्तर स्वतः आले, ओट्यावर बसले. आईनं मला तीनदा हाक मारली. मी आत भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांचं तोंड बघायची माझी छाती नव्हती. त्यांना ते कळलं असावं, कारण आवाज मुद्दाम मोठा करून आईला म्हणाले, "राहू द्या तिले. आणि तिले सांगा, मी काही आजच मरून नाही राहिलो. दसऱ्याले जमीन सुकते. तवरक थांबतो."

आणि खरोखरच ते थांबायच्या मागे लागले. ज्या माणसाला डॉक्टरांनी परत पाठवलं होतं तो वेळेवर गोळ्या घ्यायला लागला. नको असताना भाताची पेज प्यायचा, ओकायचा, पुन्हा प्यायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दसऱ्याला गोल केला होता. रविवारी चर्चमध्ये उघड प्रार्थनेची वेळ आली की मास्तर बाक धरून उभे राहायचे. ती प्रार्थना अजून आमच्याकडे लोक सांगतात. प्रभू, मले दसऱ्यापर्यंत ठेव, मग तुझी मर्जी. जमीन ओली का कोरडी, तुले काही फरक पडत नाही हे मले समजते, तू पाण्यावरून चालतो. आमाले ते जमत नाही. आमेन. पाळकसाहेबांनी डोळे मिटूनच घेतले होते, उघडले नाहीत.

फळ्यावर शेवटी लिहिलेला शब्द "मुदत" होता. अर्थ लिहिलेला नव्हता. खडू ओला झाला म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. दसऱ्याला महिन्यावर दिवस होते आणि पाऊस चार दिवसांपासून थांबला नव्हता.

मी अकोल्याला परत गेले होते. फोन आला तसे आम्ही निघालो, नवऱ्यानं दुकानातला सगळ्यात चांगला पंप आणि मागून आणलेला जनरेटर गाडीत टाकला. कबरस्थानात पोचलो तेव्हा चाचा कमरेपर्यंत खड्ड्यात होते, बादल्या वर देत होते. नवऱ्यानं पंप लावला. वीस मिनिटं पाणी खाली गेलं, मग गाळ ओढून पंप बसला. त्यानं तो उघडला, धुतला, पुन्हा लावला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा नवराच चिखलात तसाच बसून राहिला.

शेजारी मुलीची कबर होती. तिच्यावर हरळी उगवली होती, आणि मातीचा उंचवटा जरासुद्धा खचला नव्हता.

पेटी सोडली. मला पुढचं माहीत होतं. दोर सुटले, पेटी खाली टेकल्यासारखी झाली आणि वर आली. एका टोकाकडून कलली. गाणं थांबलं. पंचांपैकी एकजण म्हणाला, बांबू आणा रे. दुसरा बांबू शोधायला निघालाही.

मी चपला काढल्या. नवरा म्हणाला, काय करून राहिली तू? मी साडी खोचली आणि चाचांचा हात धरून खाली उतरले. पाणी फार गार होतं. मी एक पाय ठेवला, पेटी हलली, मग दुसरा ठेवला. मास्तरांचं वजन शेवटी काहीच उरलं नव्हतं, ते मला लाकडातून कळत होतं. पेटी हळूहळू खाली गेली. पाणी माझ्या घोट्यांवर आलं, मग पोटऱ्यांवर, मग गुडघ्यांवर, आणि थांबलं.

वरून कोणी हललं नाही. मग चाचांनी पहिला दगड दिला, माझ्या पायाशी ठेवला. मग बाकीचे पुढे आले. दगड, मग माती. माझे पाय बधिर झाले, मुंग्या आल्या. आणि मला हसू आलं. थांबवता येईना. आई काठावर उभी होती, या वेळी तिनं काही केलं नाही.

माती पोटऱ्यांपर्यंत आली तेव्हा पेटी बसली होती, आता माझी गरज नव्हती. नवऱ्यानं हात खाली केला. वर ये, म्हणाला. पाळकसाहेबही म्हणाले, ताई, झालं आता, वर या.

"थांबा जरा," मी म्हटलं. "बस म्हणाले नाहीत अजून."